डिस्क नवी, दिवा हिरवा, तरी सर्व्हरला ती दिसत का नाही?

यावल तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर मे महिन्यात दोन दिवस 'सर्व्हर बंद आहे' अशी पाटी टांगलेली होती. सर्व्हर वास्तविक चालूच होता. त्यातल्या दोन डिस्कपैकी एक बिघडली होती, पुरवठादाराने दुसरी आणून बसवली होती, तिच्यापुढचा दिवा हिरवा लागला होता. पण संगणकाच्या पडद्यावर ती नवी डिस्क कुठेच दिसेना, म्हणून व्यवस्थापकांनी धास्तीने व्यवहार थांबवले होते. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, डिस्क तर आम्ही बदलली, मग हे यंत्र तिला ओळखत का नाही?"

हा प्रश्न मला सावद्यापासून शिरपुरापर्यंत अनेक ठिकाणी विचारला गेला आहे. जिनिंगच्या वजनकाट्याचा हिशेब असो, शीतगृहाची नोंद असो वा एखाद्या दवाखान्यातील रुग्णांची माहिती असो, हल्ली सगळे कुठल्या तरी कोपऱ्यातल्या सर्व्हरवर असते, आणि त्या सर्व्हरमधली डिस्क कधी ना कधी बदलावी लागतेच. बदलल्यानंतर ती 'दिसत नाही' म्हणजे नेमके काय होते, दोष कुठे शोधायचा आणि शोधताना कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही कळावे, असा या लेखाचा प्रयत्न आहे.

'दिसणे' म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणारा संगणक. त्यातली माहिती डिस्कवर साठते. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी ऑपरेटिंग सिस्टिम ही त्या संगणकाचा कारभार पाहते. पुढे तिला नुसते 'सिस्टिम' म्हणू. डिस्क आणि सिस्टिम यांच्या मध्ये बहुतेक सर्व्हरांत एक कार्ड असते, त्याला कंट्रोलर म्हणतात. सगळा घोळ समजून घ्यायचा तर या मधल्या कार्डाकडे लक्ष द्यावे लागते.

शेतीच्या व्यवहाराचे उदाहरण घेऊ. पीककर्ज देताना बँक शेत पाहत नाही, सातबारा पाहते. शेत जागेवर आहे, विहिरीला पाणी आहे, केळीची लावणही झाली आहे. पण खरेदीखतानंतरचा फेरफार मंजूर झालेला नसेल, तर बँकेच्या लेखी ते शेत तुमचे नाही. तलाठ्याच्या दप्तरात जी नोंद आहे तेवढीच बँकेची दुनिया. सर्व्हरमध्ये डिस्क हे शेत आहे, कंट्रोलर हा तलाठी आहे आणि सिस्टिम ही बँक आहे. सिस्टिम डिस्ककडे स्वतः जाऊन पाहत नाही. कंट्रोलर जे सांगतो तेच तिला 'दिसते'. त्यामुळे डिस्क खोक्यात शिरली, तिला वीज मिळाली, दिवाही लागला, एवढ्याने सिस्टिमच्या दप्तरात काहीही बदललेले नसते.

म्हणून 'दिसत नाही' या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. डिस्कला वीजच मिळत नसेल. वीज मिळाली, पण कंट्रोलरशी तिचे बोलणे सुरू झाले नसेल. बोलणे झाले, पण कंट्रोलरने तिला कामावर घेतले नसेल. घेतले, पण सिस्टिमने नव्याने हजेरी घेतली नसेल. हजेरीत नाव आले, पण डिस्कवर विभाग पाडलेले नसल्यामुळे तिला (विंडोजमधल्या सी, डी यांसारखे) अक्षर किंवा जागा मिळाली नसेल. साखळी कुठल्या कडीवर तुटली हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय हा अंदाजाने घेतलेला घास असतो, आणि डिस्कच्या बाबतीत चुकीचा घास परत काढता येत नाही.

बऱ्याचदा ती दिसायचीच नसते

सर्वांत आधी एक शक्यता तपासावी, कारण निम्मी धावपळ तिथेच थांबते. सर्व्हरमध्ये बहुधा एकापेक्षा जास्त डिस्क एकत्र बांधून त्यांचा एक संच केलेला असतो. या पद्धतीला रेड म्हणतात. पोलिसांच्या छाप्याशी तिचा काही संबंध नाही. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात हा विचार मांडला : एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कांचा गट करा, आणि त्यातली एखादी गेली तरी काम चालू राहील अशी व्यवस्था ठेवा.

ही व्यवस्था दोन तऱ्हांची असते. पहिली आरशाची : दोन डिस्कवर तंतोतंत तोच मजकूर. दुसरी हिशेबाची. रावेरहून निघालेल्या एका ट्रकमध्ये तीन शेतकऱ्यांची केळी आहेत असे समजा; पावत्यांवर ३०, २५ आणि ४० क्विंटल असे आकडे आहेत आणि ट्रकच्या कागदावर एकूण ९५ लिहिले आहे. मधली पावती वाऱ्याने उडून गेली, तरी ९५ मधून ३० आणि ४० वजा केले की हरवलेले २५ परत मिळतात. डिस्कांचा संच गणित थोडे वेगळे करतो, पण युक्ती हीच आहे. मात्र दोन पावत्या उडाल्या तर उरलेल्या एका पावतीवरून आणि एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे ती कामाला येणार आहे.

अशा संचात कंट्रोलर सिस्टिमला आतल्या डिस्क दाखवतच नाही. तो संपूर्ण संच एकच डिस्क असल्याचे भासवतो. आतली एक बिघडली तरी सिस्टिमला ती एकच डिस्क दिसत होती, नवी बसवल्यावरही एकच दिसणार. पतसंस्थेतले व्यवस्थापक विंडोजच्या पडद्यावर जी दुसरी डिस्क शोधत होते, ती तिथे जुनी डिस्क धडधाकट असतानाही कधी दिसलेली नव्हती. अशा वेळी पाहायची जागा वेगळी : कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा कार्यक्रम, किंवा सर्व्हर सुरू होताना विशिष्ट कळ दाबून उघडणारा त्याचा तक्ता. प्रत्येक खाचेत कोणती डिस्क आहे, तिचा अनुक्रमांक काय, ती कोणत्या अवस्थेत आहे, हे सारे तिथे लिहिलेले असते.

लिनक्समध्ये कंट्रोलरऐवजी सिस्टिम स्वतःच संच बांधते, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. तिथे मात्र प्रत्येक डिस्क सिस्टिमला दिसलीच पाहिजे, आणि दिसल्यावरही ती आपोआप संचात जात नाही. तिला हाताने सामील करावे लागते. आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे, हे कळले की पुढची दिशा आपोआप ठरते.

तळापासून सुरुवात : वीज, ट्रे आणि पिना

कंट्रोलरच्या तक्त्यातही डिस्क नसेल, तर दोष त्याच्याही खाली आहे. येथे पडद्यासमोर बसून उपयोग नाही, खोक्याजवळ जावे लागते.

डिस्क एका ट्रेमध्ये चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि ट्रे खाचेत सरकवून त्याची कडी लावायची असते. कडी अर्धवट लागली तर वीज पोहोचते पण माहितीच्या पिना टेकत नाहीत, असे होऊ शकते. ट्रे काढावा, तबकड्यांची डिस्क असेल तर तिची फिरकी थांबण्यासाठी अर्धा मिनिट थांबावे, पिनांवर धूळ आहे का पाहावे, आणि ट्रे पुन्हा शेवटपर्यंत सरकवावा. आपल्याकडे उन्हाळ्यातली वावटळ दाराच्या फटीतून काय काय आत आणते, हे सांगायला नको. दिव्यांच्या रंगांचा आणि लुकलुकण्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून 'हिरवा म्हणजे सगळे ठीक' असे गृहीत धरू नये. काही ठिकाणी हिरवा दिवा फक्त 'वीज आहे' एवढेच सांगतो.

दुसरी तपासणी जोडणीच्या जातीची. सर्व्हरात प्रामुख्याने सॅटा, सॅस आणि एनव्हीएमई अशा तीन जातींच्या डिस्क येतात. सॅटा डिस्क सॅसच्या खाचेत बसते आणि सॅसचा कंट्रोलर तिला चालवूनही घेतो. पण सॅस डिस्क सॅटाच्या खाचेत बसतच नाही, कारण सॅटात जिथे मोकळी फट असते तिथे सॅसने पिना भरलेल्या असतात. फसवणूक होते ती एनव्हीएमईच्या बाबतीत. अडीच इंची एनव्हीएमई डिस्क दिसायला सॅससारखीच असते, तिचे तोंडही तसेच असते, आणि ती सॅसच्या खाचेत टेकलेली वाटते. पण त्या खाचेमागे तिच्या भाषेची तारच नसेल, तर ती कायमची मुकी राहते. अशी डिस्क बिघडलेली नसते. ती चुकीच्या घरात आलेली असते.

एक कारण असे आहे की ते ठाऊक नसले तर अनुभवी माणूसही दिवसभर गोंधळतो. २०१६ मध्ये आलेल्या सॅटा ३.३ या मानकाने विजेच्या जोडणीतल्या तिसऱ्या पिनेला नवे काम दिले : त्या पिनेवर वीज आली की डिस्कने बंद राहायचे, म्हणजे दूरच्या सर्व्हरमधली अडकलेली डिस्क हात न लावता बंद-चालू करता येते. पण त्याआधीच्या अनेक वीजपुरवठ्यांत आणि खाचांत याच पिनेवर ३.३ व्होल्ट कायम सोडलेले असतात. परिणाम असा की नवी कोरी, निर्दोष डिस्क जुन्या सर्व्हरमध्ये बसवली की तिला जन्मभर 'बंद राहा' असाच हुकूम मिळत राहतो. खूण सोपी आहे. डिस्कला हात लावला तर कंप नाही, कान लावला तर आवाज नाही. त्या पिनेवर वीज न देणारी जोडणी वापरली, किंवा जाणकाराने त्या एका पिनेवर उष्णतेला टिकणारी विद्युतरोधक पट्टी चिकटवली, की तीच डिस्क फिरू लागते.

खाच खराब की डिस्क खराब, हे ठरवायला नवी डिस्क एखाद्या रिकाम्या खाचेत घालून पाहावी. तिथे ती ओळखली गेली तर दोष खाचेचा किंवा मागच्या तारेचा. मात्र या चाचणीसाठी संचातल्या चालू डिस्कांची अदलाबदल करू नये. एक पावती आधीच उडालेली आहे. दुसरी आपण स्वतःच्या हाताने उडवू.

कंट्रोलरला दिसते, पण तो पुढे पाठवत नाही

माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रकरणे याच पायरीवर अडकलेली असतात, म्हणून येथे थोडे रेंगाळू.

कंट्रोलर प्रत्येक डिस्कला एक अवस्था देतो. संचात काम करणारी ती 'ऑनलाइन'. चांगली आहे पण अजून कोणत्याच कामावर नेमलेली नाही, ती काही कंपन्यांच्या भाषेत 'अनकॉन्फिगर्ड गुड' आणि काहींच्या भाषेत 'रेडी'. बाद ठरवलेली ती 'फेल्ड'. आणि चौथी अवस्था, जिच्यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात, ती 'फॉरेन', म्हणजे परकी.

रेडच्या संचात बसलेल्या प्रत्येक डिस्कवर कंट्रोलर एका कोपऱ्यात स्वतःची नोंद लिहून ठेवतो : ही डिस्क अमुक संचातली, तिचा क्रमांक अमुक, सोबतच्या डिस्क अमुक. ही डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये गेली की तिथला कंट्रोलर ती नोंद वाचतो आणि म्हणतो, हिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे. पुन्हा सातबाऱ्याचे उदाहरण घ्यायचे तर, जमीन तुमच्या ताब्यात आली, पण इतर हक्कांच्या रकान्यात जुन्या मालकाचा बोजा तसाच आहे. तलाठी अशा जमिनीवर तुमचे नाव सहजासहजी चढवत नाही, आणि हे तो योग्यच करतो. त्या बोजामागे कोणाची तरी माहिती असू शकते.

अशा वेळी पडद्यावर दोन पर्याय येतात. एक, परकी नोंद स्वीकारा, म्हणजे तो जुना संच इथे जिवंत करा. दोन, परकी नोंद पुसा. आपल्याला रिकामी डिस्क हवी असेल तर दुसरा पर्याय बरोबर आहे. पण तो निवडण्यापूर्वी तक्त्यात 'परकी' म्हणून नेमक्या किती डिस्क दिसतात, हे मोजावे. पुष्कळ कंट्रोलरांत ही पुसण्याची आज्ञा एका डिस्कपुरती नसते, जेवढ्या परक्या दिसतात त्या सगळ्यांना ती लागू होते. केबल हलल्यामुळे किंवा सर्व्हर अचानक बंद पडल्यामुळे आपल्याच संचातली एखादी चांगली डिस्कही काही काळ 'परकी' दिसू शकते. एकाऐवजी दोन परक्या दिसत असतील, तर तिथेच हात थांबवावा आणि प्रत्येकीचा अनुक्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीशी जुळवून पाहावा. माहिती जाण्याचे जे प्रकार मी पाहिले, त्यांत बिघडलेल्या डिस्कपेक्षा घाईने दाबलेल्या या कळेचा वाटा मोठा होता.

अडकण्याची आणखीही कारणे आहेत. संच नसून एकट्या डिस्कचाच 'संच' केलेला असेल, तर जुनी डिस्क गेली तशी ती नोंदही गेली. नवी डिस्क बसवल्यावर तिच्यासाठी पुन्हा नोंद करावी लागते आणि माहिती बॅकपमधून आणावी लागते. काही कंट्रोलर आपल्या स्मरणात डिस्कवर अजून न लिहिलेला मजकूर धरून ठेवतात. ज्या संचावर तो लिहायचा होता तो नाहीसा झाला, तर 'हा मजकूर टाकून देऊ का, ते आधी सांगा' म्हणून ते नवा संच करू देत नाहीत. हा अडसर वाटतो, पण प्रामाणिक कारकुनाचा हट्ट आहे.

आकाराचाही प्रश्न येतो. वेष्टनावर दोन्हींच्या २ टेराबाइट लिहिलेले असले तरी दोन कंपन्यांच्या डिस्कांची खरी क्षमता काही मेगाबाइटने कमी-जास्त असू शकते. नवी डिस्क जुनीपेक्षा जराशीही लहान असेल, तर कंट्रोलर तिला संचात घेत नाही. हे टाळण्यासाठी अनेक कंट्रोलर सुरुवातीलाच प्रत्येक डिस्कच्या शेवटाकडची थोडी जागा सोडून देतात. पण तशी सोय चालू केलेली असेलच असे नाही. आणि एखादी डिस्क स्वतःच मजकुराला कुलूप लावणाऱ्या जातीची असेल, जुन्या मालकाने कुलूप न काढता ती विकली असेल, तर ती तक्त्यात दिसते पण वाचू वा लिहू देत नाही. जुनी किल्ली मिळवणे, किंवा डिस्कवर छापलेला सांकेतिक क्रमांक वापरून तिला पूर्ण कोरी करणे, हेच मार्ग उरतात.

वेगळ्या गेजचा डबा

पाचोरा-जामनेर मार्गावरची छोटी गाडी जुन्या वाचकांना आठवत असेल. तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, आणि पाचोऱ्याहून जाणाऱ्या मुंबई-भुसावळ मार्गाचे १६७६ मिलिमीटर. डबा कितीही मजबूत असला तरी तो मोठ्या रुळावर चालणार नव्हता, आणि त्यात डब्याचा दोष नव्हता.

डिस्कलाही असे गेज असते. डिस्कवरची जागा छोट्या, सारख्या मापाच्या कप्प्यांत विभागलेली असते आणि त्या कप्प्याला सेक्टर म्हणतात. नेहमीचे माप ५१२ बाइट. पण मोठ्या कंपन्यांच्या साठवण-यंत्रांमधल्या काही डिस्कांत ते ५२० बाइट असते. वरचे ८ बाइट मजकूर शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी राखलेले असतात. अशी यंत्रे मोडीत निघाली की त्यांतल्या डिस्क जुन्या बाजारात स्वस्तात येतात, आणि आपल्याकडचा काटकसरी माणूस त्या हमखास घेतो. लिनक्सला अशी डिस्क जाणवते, पण तिची क्षमता शून्य दिसते आणि सिस्टिमच्या नोंदवहीत 'सेक्टरचे हे माप चालत नाही' अशा अर्थाची एक ओळ पडते. तिला ५१२ च्या मापावर नव्याने घडवता येते. त्याला काही तास लागतात आणि मध्येच वीज जाऊन चालत नाही, त्यामुळे भारनियमनाच्या दिवशी हे काम काढू नये. याउलट काही नव्या मोठ्या डिस्कांचे सेक्टर ४०९६ बाइटचे असतात आणि जुने कंट्रोलर त्यांना नाकारतात. त्याच क्षमतेच्या, पण बाहेरून ५१२ चे माप दाखवणाऱ्या डिस्कही मिळतात. जुन्या सर्व्हरसाठी त्याच मागवाव्यात.

जुन्या यंत्रांना आकाराची मर्यादाही असते. डिस्कवरची जागा मोजण्यासाठी ३२ अंकी द्विमान संख्या वापरणाऱ्या कंट्रोलरला साधारण २.२ टेराबाइटपलीकडचे काही मोजताच येत नाही. मग ४ टेराबाइटची डिस्क एक तर दिसत नाही, किंवा लहान दिसते.

सिस्टिमच्या दारात

कंट्रोलरने डिस्क पुढे केली, तरी सिस्टिमने हजेरी घेतली नसेल तर ती दिसत नाही. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पुन्हा शोधण्याची आज्ञा द्यावी. फाइली पाहण्याच्या नेहमीच्या खिडकीत फक्त अक्षर मिळालेले विभाग दिसतात, कोरी डिस्क तिथे कधीच दिसत नाही. पुष्कळांची तक्रार एवढ्यावरच मिटते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ती 'ऑफलाइन' असेल तर आधी ऑनलाइन करावी लागते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून आणलेली डिस्क असेल, तर दोघींची ओळखखूण एकच पडते आणि विंडोज एकीला मुद्दाम बाहेर ठेवते.

लिनक्समध्ये प्रत्येक कंट्रोलरच्या नावाने एक 'स्कॅन' नावाची फाइल असते. तिच्यात तीन आडव्या रेघा लिहिल्या की सिस्टिम नव्याने शोध घेते. तीन रेघांचा अर्थ सर्व मार्ग, सर्व पत्ते, सर्व उपपत्ते. येथे एक गंमत होते. बिघडलेल्या डिस्कचे नाव 'एसडीबी' होते आणि एखादे काम अजूनही ते नाव धरून बसले असेल, तर नव्या डिस्कला 'एसडीसी' किंवा त्यापुढचे नाव मिळते. माणूस जुन्याच नावाने शोधत राहतो. म्हणून नावावर न जाता अनुक्रमांकावर जावे; नाव बदलते, अनुक्रमांक बदलत नाही.

'एकदा रीस्टार्ट करून पाहू का?'

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि अनेकदा रीस्टार्टने डिस्क दिसूही लागते. तरीही तो पहिला उपाय नव्हे. संच आधीच एका डिस्कवर तग धरून असतो; वर्षानुवर्षे अखंड फिरत असलेली ती उरलेली डिस्क बंद झाली, की पुन्हा फिरेलच याची हमी नसते. शिवाय बिघाडाच्या क्षणी स्मरणात नोंदलेला काही तपशील रीस्टार्टमध्ये पुसला जातो. आणि लिनक्सच्या जोडणीच्या यादीत गेलेल्या डिस्कचे नाव सक्तीचे म्हणून लिहिलेले असेल, तर सुरू होताना सिस्टिम तिची सुमारे ९० सेकंद वाट पाहते आणि मग नेहमीच्या कामाऐवजी आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबते. एक डिस्क दिसत नव्हती, आता सर्व्हरच उभा राहत नाही. रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी ताजा बॅकप घ्यावा, ती यादी तपासावी, आणि व्यवहार संपल्यावर करावा.

'डिस्क नवी कोरी आहे, मग दोष तिच्यात कसा?'

नवी डिस्कही बाद निघू शकते. वाहतुकीत आदळआपट झाली की पहिल्याच दिवशी तिचा निकाल लागतो. पण माझा प्रश्न वेगळा असतो : ती नवी आहे हे कशावरून? डिस्क स्वतःच्या आयुष्याचा हिशेब ठेवते. ती एकूण किती तास चालली, हा आकडा तिच्या आत लिहिलेला असतो आणि साध्या कार्यक्रमाने तो वाचता येतो. पाकीट सीलबंद होते म्हणून कोणी शपथ घेत असेल, तर त्याच्यासमोर हा आकडा वाचावा.

'रेड आहे, तर बॅकप कशाला?'

कारण आरसा चुकीचेही प्रतिबिंब दाखवतो. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय सर्वांत नाजूक वेळ डिस्क बदलल्यानंतरचीच असते. नवी डिस्क भरून काढण्याच्या कामाला रिबिल्ड म्हणतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने भरली, तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि त्या काळात उरलेली जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. तीही बहुधा त्याच दिवशी विकत घेतलेली, त्याच खोलीत तापलेली असते. सर्वसाधारण सर्व्हरला आत घ्यायची हवा ३५ अंशांपर्यंत चालते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात असतो. वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत रिबिल्ड सुरू करणे म्हणजे भर दुपारी आजारी बैलाला औताला जुंपणे.

त्या पतसंस्थेत काय निघाले

कंट्रोलरचा तक्ता उघडला तेव्हा दोन नावे दिसली : एक ऑनलाइन, एक परकी. परकीचा अनुक्रमांक नव्या डिस्कच्या चिठ्ठीशी जुळला. तिच्या आतला चालू तासांचा आकडा वीस हजारांच्या वर होता, म्हणजे 'नवी' म्हणून दिलेली ती डिस्क दोन वर्षांहून अधिक काळ कुठे तरी राबून आलेली होती. पुरवठादाराला फोन लावला. त्याने पाकीट सीलबंद होते एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले आणि मग बदलून द्यायला तयार झाला.

प्रश्न होता तोपर्यंत काय करायचे. दुसरी डिस्क यायला तीन दिवस लागणार होते, आणि तेवढे दिवस सारा हिशेब एका जुन्या डिस्कवर ठेवणे मला पटत नव्हते. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकप घेतला आणि त्यातली काही खाती उघडून पाहिली. मग परक्यांच्या यादीत एकच नाव आहे याची व्यवस्थापकांसमोर खात्री करून नोंद पुसली, आणि त्या डिस्कला राखीव म्हणून नेमले. नेमताक्षणी कंट्रोलरने रिबिल्ड सुरू केले. कंट्रोलर या कामाला आपली थोडीच ताकद देतो, बाकीची रोजच्या व्यवहारासाठी राखतो. त्यामुळे आकडा मुंगीच्या पावलांनी सरकत होता. संध्याकाळी सहाला तो ११ टक्क्यांवर होता. काउंटरवरची पाटी आम्ही तेव्हाच काढली, कारण व्यवहार थांबवण्याचे कारण मुळात कधी नव्हतेच.

खोलीचे वातानुकूलन रात्रभर चालू ठेवायला सांगून मी निघालो. तीन दिवसांनी दुसरी डिस्क आली. तिच्या चालू तासांचा आकडा व्यवस्थापकांनी स्वतः वाचला, तो शून्य होता, आणि ट्रेच्या पुढच्या पट्टीवर तिचा अनुक्रमांक त्यांनी पेनाने लिहून ठेवला.